उन्हाळ्यातील व्यापारशाळा : ब्रुज ते अ‍ॅमस्टरडॅम

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अनेक व्यापारी घरांत एका नव्या विषयाची चर्चा सुरू होते. वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा अथवा मुलगी युरोपातील एखाद्या विद्यापीठाचे पत्रक घेऊन वडिलांसमोर येते. तीन, चार किंवा सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम. सकाळी वर्गात व्यापारशास्त्र, दुपारी बंदर, बाजार, लिलावगृह यांना भेटी. सोबत निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. विमानभाडे धरून खर्चाचा आकडा काही लाखांत जातो. वडील तो आकडा पाहून पत्रक बाजूला ठेवतात आणि आजोबा विचारतात, "दुकानात बसून शिकता येत नाही, असे तिथे काय शिकवतात?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर "काहीच नाही" असे असू शकते आणि "पुष्कळ" असेही असू शकते. पत्रकावरील विद्यापीठाच्या नावावरून ते ठरत नाही. विद्यार्थी किती दिवस प्रत्यक्ष बाजारात उभा राहणार आहे आणि तेथे जे पाहील त्याचा हिशोब त्याला कोण विचारणार आहे, यावरून ते ठरते.

तरुण वयात माल देऊन परगावी धाडणे ही आपल्या समाजात नवी गोष्ट नाही. सुमारे १६१० साली जौनपूरच्या एका जैन जवाहिऱ्याने आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन आग्र्याच्या बाजारात पाठवले. तो मुलगा म्हणजे कवी बनारसीदास. १६४१ साली लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात त्यांनी या सफरीची हकिगत कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. काही जवाहीर वाटेतच गहाळ झाले, काही उंदरांनी पळवले, बाकीचा माल तोट्यात गेला. शेवटी खिशात काही उरले नाही, तेव्हा एका कचोरीवाल्याने त्यांना महिनोन्‌महिने उधारीवर खाऊ घातले. व्यवहाराच्या भाषेत ही सफर पूर्ण फसली. परंतु पत म्हणजे काय, हे त्या कचोरीवाल्याने जितके शिकवले तितके वडिलांच्या पेढीवर शिकता आले नसते. पुढे मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात किंवा झवेरी बाजारात नातलगाच्या पेढीवर उमेदवारीसाठी मुले राहू लागली, त्यामागेही हाच विचार होता. स्वतःच्या दुकानात मालकाचा मुलगा मालकच असतो. दुसऱ्याच्या पेढीवर त्याला झाडूही मारावा लागतो.

आजच्या उन्हाळी अभ्यासक्रमाकडे याच उमेदवारीचे नवे रूप म्हणून पाहिले, तर त्याचे मोल करणे सोपे जाते. असे अभ्यासक्रम अनेक देशांत चालतात. कोपनहेगन बिझनेस स्कूलचा सहा आठवड्यांचा आहे, हॉलंडमधील उट्रेख्टसारख्या विद्यापीठनगरांत दोन-तीन आठवड्यांचे आहेत, आणि कित्येक अमेरिकन विद्यापीठे आपल्या प्राध्यापकांसह विद्यार्थ्यांची तुकडीच युरोपात आणतात. यांतील बऱ्याच तुकड्यांची वाट बेल्जियम आणि हॉलंड या दोन चिमुकल्या देशांतून जाते, आणि व्यापारी घरातील विद्यार्थ्याला त्याहून योग्य वाट क्वचितच मिळेल. ब्रुज ते अ‍ॅमस्टरडॅम हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला येण्याइतके. तेवढ्या पट्ट्यात आधुनिक व्यापाराची पाचशे-सहाशे वर्षे एकामागोमाग एक मांडलेली आहेत.

ब्रुजमध्ये एका दिवसाचे काम आहे. व्हान देर बुर्से नावाच्या कुटुंबाची तेथे एक धर्मशाळावजा खानावळ होती. निरनिराळ्या देशांचे व्यापारी तिच्यासमोरील चौकात जमून हुंड्यांचा व्यवहार करीत. शेजारीच व्हेनिस, जिनोव्हा आणि फ्लोरेन्स येथील व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. शेअर बाजाराला युरोपात 'बोर्स' म्हणतात, तो शब्द या कुटुंबाच्या नावावरून आला. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सच्या पाटीवरही तोच शब्द आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? समुद्राकडे जाणारी खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पकडे वळला. ब्रुज जसेच्या तसे राहिले. आज ते पर्यटकांचे गाव आहे. बंदर बुजले की बाजारपेठेचे काय होते, हे चौल आणि दाभोळ पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

अँटवर्पला १५३१ साली खास व्यापाऱ्यांसाठी बाजारगृह बांधले गेले. ते सर्व देशांच्या आणि सर्व भाषांच्या व्यापाऱ्यांसाठी आहे, असे तेथे कोरले होते. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजची कल्पना यावरूनच घेतली गेली. मूळ इमारत आगीत गेली. १८७२ साली पुन्हा उभी राहिलेली वास्तू आज पाहता येते. तथापि आपल्या वाचकांना अँटवर्प ठाऊक आहे ते हिऱ्यांमुळे. मध्यवर्ती रेल्वेस्थानकाला लागून असलेल्या दोन-चार अरुंद गल्ल्यांत जगातील कच्च्या हिऱ्यांच्या उलाढालीचा फार मोठा हिस्सा अनेक पिढ्या होत आला. १९६० नंतर पालनपूर भागातील जैन व्यापारी तेथे येऊ लागले, प्रारंभी लहान आणि हलक्या प्रतीच्या हिऱ्यांचे काम त्यांनी हाती घेतले, पैलू पाडण्यासाठी माल सुरत-नवसारीकडे पाठवला, आणि पाहता पाहता त्या बाजाराचा मोठा भाग त्यांच्या हाती आला. शहराच्या विल्राइक भागात त्यांनी उभारलेल्या संगमरवरी जिनालयाची प्रतिष्ठा २०१० साली झाली.

विद्यार्थ्यांच्या तुकडीला या गल्ल्यांत फिरता येते; सौद्याच्या दालनात मात्र पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नसतो. जेथे तो मिळतो तेथे पाहण्यासारखे बरेच असते. दालनाच्या मोठमोठ्या खिडक्या उत्तरेकडे आहेत, कारण त्या गोलार्धात उत्तरेचा प्रकाश दिवसभर एकसारखा राहतो आणि हिऱ्याचा रंग फसवत नाही. माल कागदाच्या पुडीत असतो. सौदा ठरला की ज्यू व्यापारी असो वा जैन, दोघेही हस्तांदोलन करून 'मझाल' हा एकच शब्द उच्चारतात आणि व्यवहार पक्का होतो. हा शब्द मोडणाऱ्याला बाजार क्षमा करीत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या हिरेबाजारांच्या जागतिक महासंघात एका बाजाराने काढून टाकलेल्या सभासदाला दुसऱ्या बाजाराचीही दारे बंद होतात.

येथे वर्गातील अभ्यास आणि बाजार एकमेकांना भेटतात. सकाळी प्राध्यापक करार, न्यायालय, दंड यांचे अर्थशास्त्र शिकवतात. कराराची अंमलबजावणी करण्याचा खर्च वाढला की व्यापार आटतो, हे सूत्र फळ्यावर मांडतात. दुपारी विद्यार्थी असा बाजार पाहतो, जिथे तो खर्च जवळजवळ शून्यावर आणलेला आहे. ब्राझील किंवा जर्मनीच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटते. व्यापारी घरातील विद्यार्थ्याला नवल वाटत नाही, कारण शब्दावर चालणारा व्यवहार त्याने घरी पाहिलेला असतो. पण त्याला शास्त्रात नाव आहे, त्याची किंमत काढता येते आणि त्याच्या मर्यादाही दाखवता येतात, हे मात्र त्याला प्रथमच कळते. मर्यादा खऱ्या आहेत. ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा प्रामाणिक माणूस अशा बाजारात सहजासहजी शिरू शकत नाही, आणि वर्तुळातलाच एखादा बुडाला तर त्याच्यासोबत अनेक जण बुडतात. त्यातच बाजारही बदलतो आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली, प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यांनी भाव पाडले, दुबईने बराच व्यापार ओढून नेला. या प्रश्नांवर वर्गात गट पाडून वाद घातले जातात. मुंबई-सुरतेची खबर ठेवणारा विद्यार्थी त्या गटात गप्प बसू शकत नाही. आणि अनेक मुलांना परक्या भाषेत, परक्या लोकांपुढे आपल्या धंद्याविषयी ठामपणे बोलण्याची ही पहिलीच संधी असते.

उत्तरेकडे निघाले की वाटेत रॉटरडॅम लागते. १९६२ पासून २००४ पर्यंत जगातील सर्वांत वर्दळीचे असलेले हे बंदर आजही युरोपात पहिले आहे. समुद्रात भर घालून केलेल्या नव्या धक्क्यांवर कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना चालक नाही. नाशिकची द्राक्षे याच दाराने युरोपात शिरतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हीच द्राक्षे दहा-बारा दिवस अधिक समुद्रावर राहिली. नाशवंत मालात दहा दिवस म्हणजे काय, हे विद्यार्थ्याने कोष्टकात मांडून दाखवावे, असा गृहपाठ येथे अगदी साहजिक ठरतो.

पुढे अ‍ॅमस्टरडॅम. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, तेव्हा दिर्क व्हान ओस या व्यापाऱ्याच्या घरी भागभांडवलाची वही ठेवली होती. ज्याला वाटेल त्याने येऊन रक्कम नोंदवावी. एकट्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये १,१४३ जणांनी नावे लिहिली, आणि वही बंद होण्याच्या सुमारास त्याच घरातील मोलकरणीनेही शंभर गिल्डर लिहिले. भाग दुसऱ्याला विकता येत असे. विकल्याची नोंद कंपनीच्या खतावणीत होई. १६०९ साली इझाक ल मेर या व्यापाऱ्याने हाती नसलेले भाग पुढील वायद्याने विकून कंपनीचा भाव पाडण्याचा घाट घातला आणि लगोलग पुढच्या वर्षी सरकारला अशा मंदीच्या सौद्यांवर बंदी घालावी लागली. म्हणजे शेअर बाजार सात-आठ वर्षांचा होतो न होतो तोच तेजी-मंदीवाले आणि त्यांना आवर घालणारे नियम, दोघेही हजर! बाजारासाठी खास बांधलेले गृह उघडले ते १६११ साली. बनारसीदास आग्र्याला उधारीच्या कचोऱ्या खात होते तो हाच काळ. जगातील सर्वांत जुना उपलब्ध शेअर १६०६ सालचा आहे, आणि तो २०१० साली होर्न गावच्या दप्तरखान्यात सापडला तो उट्रेख्ट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला. जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी आपल्याकडेही कोणी एकदा उघडून पाहाव्यात.

या कंपनीचा इतिहास आपल्या विद्यार्थ्याने केवळ पाहुण्याच्या कुतूहलाने ऐकू नये. तिची वखार १६१६ साली सुरतेत आली आणि १६३७ साली वेंगुर्ल्यात. वेंगुर्ल्यातील डच वखारीचे भग्नावशेष कोकणात जाणाऱ्यांना आजही दिसतात. सुरतेत या कंपनीचा आणि इंग्रजांचा ज्यांच्याशी रोजचा संबंध येई, ते वीरजी व्होरा जैन होते. ते मिरीचा येणारा सगळा साठा एकदम उचलून भाव आपल्या हाती ठेवीत आणि रोख रकमेची टंचाई पडली की या परदेशी कंपन्यांना व्याजाने पैसे देत. अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयांत मसाल्याच्या व्यापाराची चित्रे आहेत, जहाजांचे नमुने आहेत. समोरच्या बाजूच्या व्यापाऱ्याविषयी मात्र फारसे नाही. ती बाजू वर्गात मांडणे हे आपल्याकडून गेलेल्या विद्यार्थ्याचे काम आहे. त्यासाठी त्याने निघण्यापूर्वी थोडे वाचलेले असले पाहिजे. त्याच व्यापारातून डचांनी बांदा बेटांवर जायफळासाठी केलेली माणसांची कत्तल हीसुद्धा या इतिहासाची बाजू आहे, आणि चांगले प्राध्यापक ती टाळत नाहीत.

या सगळ्या प्रवासात एक पहाट अशी आहे की, तेवढ्यासाठीही हा खर्च करावा. अ‍ॅमस्टरडॅमजवळील आल्समेर येथे फुलांचा लिलाव होतो. केनिया, इथिओपिया, कोलंबिया, इक्वेडोर येथून रात्रीतून आलेली फुले जगातील सर्वांत मोठ्या इमारतींपैकी एका इमारतीत लहान लहान गाड्यांच्या रांगांतून धावत असतात. ही बाजारपेठ उत्पादकांच्या सहकारी संस्थेची आहे. पहाटे सहाच्या सुमारास लिलाव सुरू होतो आणि पाहणाऱ्याने डोळे चोळेपर्यंत हजारो सौदे होऊन जातात.

पद्धत आपल्या उलट आहे. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात बोली खालून वर चढते. शेवटपर्यंत टिकतो त्याचा माल. आल्समेरला घड्याळासारख्या तबकडीवर भाव वरून सुरू होतो आणि झपाट्याने खाली येतो. खरेदीदाराने बटण दाबले की भाव तेथेच थांबतो आणि माल त्याचा होतो. थोडे आधी दाबले तर महाग पडते. क्षणभर थांबले तर दुसरा घेऊन जातो. दुसऱ्याची बोली कोणाला दिसत नाही, कारण पहिली बोली हीच शेवटची. अलीकडे बहुतेक खरेदीदार आपल्या कार्यालयात किंवा घरी संगणकासमोर बसूनच बटण दाबतात. या पद्धतीची सुरुवात १८८७ साली ब्रुक ऑप लांगेडाइक या खेड्यात भाजीच्या, म्हणे फ्लॉवरच्या, लिलावापासून झाली. फुलकोबी काय किंवा गुलाब काय, नाशवंत मालाला वेळ नसतो आणि चढत्या बोलीला वेळ लागतो, हे त्यामागचे साधे कारण.

आता वर्गातला भाग. १९६१ साली विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, खाली येणारे हे घड्याळ आणि बंद लिफाफ्यातील निविदा हे दोन्ही लिलाव बोली लावणाऱ्याच्या दृष्टीने एकच आहेत. दोन्हींत दुसऱ्याचे मन ठाऊक नसताना आपला आकडा आधीच ठरवावा लागतो, आणि तो आकडा आपल्या मनातील खऱ्या किमतीपेक्षा किती कमी ठेवायचा, एवढाच प्रश्न उरतो. या आणि अशा कामासाठी त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकात हे वाचणारा विद्यार्थी मान डोलावतो आणि विसरतो. पहाटे घड्याळ पाहून आलेला विद्यार्थी दहा वाजता हेच सूत्र ऐकतो, तेव्हा त्याला आपल्या आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट आठवण्याची शक्यता असते : अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव सांगण्याची पद्धत होती. रुमालाखालची बोटे म्हणजे बंद लिफाफाच! तिथे विक्रेत्याला प्रत्येकाचा आकडा कळे, पण एका खरेदीदाराचा आकडा दुसऱ्याला कळत नसे. उघड्या बोलीत भाव का चढतो, झाकलेल्या बोलीत दलालाला महत्त्व का येते, शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणती पद्धत बरी, हे प्रश्न मग आपोआप पडतात. बाजार समितीच्या गाळ्यावर चाळीस वर्षे बसलेल्या आजोबांनाही ते नवे वाटतील, आणि नातवाला किंवा नातीला त्यांची उत्तरे आजोबांकडूनच मिळतील. मावळातील हरितगृहांतून फेब्रुवारीत परदेशी जाणारे गुलाबही याच जगातले आहेत. त्यांचा भाव ठरवणारे घड्याळ एकदा पाहिलेला तरुण तळेगावच्या बागायतदाराशी वेगळ्या तयारीने बोलेल.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे कुठेतरी आहे. दुकानात बसून व्यवहार शिकता येतो. त्या व्यवहारामागची रचना दुसऱ्या बाजारात उभे राहिल्याशिवाय सहसा दिसत नाही.

या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ती पाहणे अगत्याचे आहे. अभ्यासक्रमाच्या नावाखाली निव्वळ सहली विकणारे पुष्कळ आहेत. त्यांना ओळखण्याचा मार्ग व्यापाऱ्याला साजेसा, म्हणजे आकडेमोडीचा आहे. युरोपात अभ्यास श्रेयांकांत मोजतात. एक श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन, लेखन धरून २५ ते ३० तासांचे काम. कोणी चौदा दिवसांत सहा श्रेयांक देतो म्हणत असेल, तर ते किमान १५० तास झाले. रविवार न वगळता रोज जवळजवळ अकरा तास अभ्यास! त्यातच पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचे बर्फही दाखवणार असतील, तर हिशोबात कुठेतरी खोट आहे. पत्रकात दिवसागणिक वेळापत्रक नसणे, शिकवणाऱ्यांची नावे नसणे, परीक्षा नसणे आणि प्रमाणपत्रावर विद्यापीठाऐवजी प्रवासी संस्थेचे नाव असणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर पैसे भरण्याची घाई करू नये. सहल म्हणून सहल करावी. तिला शिक्षणाचा भाव देऊ नये.

दुसरी अडचण पंचांगाची आहे. युरोपातील उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. तिकडे विद्यापीठांना सुट्टी असते तेव्हा इकडे महाविद्यालयाचे नवे सत्र सुरू झालेले असते आणि हजेरीची अट डोक्यावर असते. महाविद्यालयाची लेखी संमती आधी मिळवावी, आणि तिकडचे श्रेयांक इकडे धरले जातील की नाही हेही लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकारावर अनेकांची फसगत होते. जूनअखेर सुरू होणारा आणि जुलैच्या मध्यापर्यंत आटोपणारा अभ्यासक्रम या दृष्टीने सोयीचा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत परतणाऱ्याला बहुधा पर्युषण घरी मिळते.

आहाराचा प्रश्न प्रत्येक घरात, विशेषतः आईकडून, सर्वांत आधी विचारला जातो. आणि गंमत अशी की, ज्या गोष्टीची धास्ती असते ती तेथे सोपी निघते आणि जिचा विचार केलेला नसतो ती अवघड. जूनअखेर अ‍ॅमस्टरडॅमला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सातला जेवणाऱ्याचा चौविहार अनायासे पाळला जातो. (हिवाळी अभ्यासक्रमाला जाणाऱ्याची मात्र परीक्षा, डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्यास्त.) अवघड असतो तो बटाटा. बेल्जियम-हॉलंडमध्ये शाकाहारी मागितले की हमखास बटाटा समोर येतो, सोबत कांदा-लसूण. 'व्हेगन' असे लिहिलेल्या पदार्थात अंडे आणि दूध नसते, पण कंदमुळे सर्रास असतात. चीज करताना बहुधा वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, तेव्हा वेष्टन वाचूनच घ्यावे. गोळ्या-मिठायांत जिलेटिन असते. म्हणून ज्या वसतिगृहात स्वयंपाकघर वापरता येते तेच निवडावे, खाखरे-थेपले आणि डाळ-तांदूळ सोबत न्यावेत, आणि काय चालत नाही ते तेथील भाषेत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. चार विद्यार्थी मिळून रोज खिचडी-भाजी करतात तिथे आठवड्याभरात कोरिया आणि मेक्सिकोची मुलेही ताट घेऊन येऊन बसतात, आणि वर्गातल्यापेक्षा मोकळी चर्चा तेथे होते.

मुलींना पाठवावे की नाही, हा प्रश्न अजूनही काही घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. जी घरे मुलीला सी.ए. करतात, पेढीचे जीएसटीचे काम तिच्यावर सोपवतात, त्यांनी तीन आठवड्यांसाठी हा प्रश्न करणे विसंगत आहे. वसतिगृह विद्यापीठाच्या आवारात आहे काय, रात्री कोणाशी संपर्क साधायचा, प्रवासात तुकडीसोबत प्राध्यापक असतात काय, एवढे विचारावे. आणि तेच मुलाच्या बाबतीतही विचारावे.

मूल परतल्यावर दुकान त्याला लहान वाटू लागेल, ही भीती सहसा कोणी बोलून दाखवत नाही, पण निर्णय पुष्कळदा तिच्यामुळेच अडतो. ती निराधार नाही. काही मुले पुढे परदेशीच शिक्षण घेतात, काही नोकरीत रमतात. परंतु न पाठवलेली मुलेही दुकानात राहतातच असे नाही. शहरोशहरी बंद होत चाललेली गाळ्यांची शटर त्याची साक्ष देतात. परत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच "आता गल्ल्यावर बस" म्हणून जुन्याच कामाला जुंपले, तर तो अस्वस्थ होणारच. त्याऐवजी एखादे खाते त्याच्याकडे सोपवावे : निर्यातीची चौकशी, मालाच्या खरेदीची पद्धत, उधारीच्या वसुलीचा आढावा, काहीही, पण त्याच्या निर्णयाने चार पैसे इकडचे तिकडे होतील असे. बनारसीदासांच्या वडिलांनी मुलाच्या हाती दिला तो खरा माल होता.

राहता राहिली कागदपत्रे. एकाच देशात राहायचे असेल तर त्या देशाचा, अधिक देशांत असेल तर जिथे मुक्काम सर्वांत लांब तिथला शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. तो १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा असतो. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवसांची असली तरी उन्हाळ्यात मुलाखतीची वेळ मिळणेच कठीण होते. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. खर्चाची तरतूद दाखवताना वडिलांची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे लागतात. व्यापारी घरांत रक्कम पेढीच्या चालू खात्यात पडून असते आणि घरच्या बचत खात्यात थोडीच असते, तिथे अर्ज अडतात. तेव्हा अर्जाच्या तीन-चार महिने आधीच घरच्या खात्यात पुरेशी शिल्लक असू द्यावी. हा खर्च पेढीच्या खाती टाकण्याचा मोह होईल, त्याआधी आपल्या सी.ए.ला विचारावे. परदेशी रक्कम पाठवताना ती शिक्षणाची फी म्हणून जाते की सहलीचे पॅकेज म्हणून, यावर मुळाशी कापल्या जाणाऱ्या कराचा दर बदलतो, तेव्हा विद्यापीठाची फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरून पावती वेगळी घ्यावी. जुलैच्या अभ्यासक्रमांचे प्रवेश बहुतेक ठिकाणी वसंतातच भरत येतात. म्हणजे ज्या घरांत या वर्षी हा विचार आहे, त्यांनी महाविद्यालयाच्या संमतीचे पत्र संक्रांतीच्या आसपास हाती घ्यावे.